मशीन फुकट, बाटली विकत

या महिन्याच्या टपालात एकाच विषयावरची इतकी पत्रं निघाली, की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी बाजूला ठेवले. रुग्णालयाच्या लॅबमधली मशीन, रीएजंट म्हणजे तपासणीला लागणारी रसायनं, दुरुस्ती असं सगळं मिळून एका कंपनीला काही वर्षांच्या करारानं द्यावं का, हा तो प्रश्न. पिंपळगावपासून नाशिकरोडपर्यंत सगळीकडे सध्या कंपन्यांची माणसं कोटेशन घेऊन फिरताहेत, हे त्यावरून कळतं.

मी नाशिकच्या एका ट्रस्ट रुग्णालयाच्या लॅबमध्ये ३३ वर्षं काम केलं, शेवटची १४ वर्षं लॅब इन्चार्ज म्हणून. सुरुवातीला आम्ही फ्लेम फोटोमीटरची ज्योत स्थिर होईपर्यंत वाट बघून सोडियम-पोटॅशियम काढायचो. पुढे मोठी मशीन आली आणि त्यांच्यामागे करार आले. असे तीन करार माझ्या डोळ्यांसमोर झाले. एक उत्तम चालला, एक जेमतेम, आणि तिसऱ्यानं आम्हाला फार त्रास दिला. खालची उत्तरं त्या तिन्हींतून आलेली आहेत.

*पिंपळगाव बसवंतला आमचं ३० खाटांचं रुग्णालय आहे. एक कंपनी बायोकेमिस्ट्रीचं आणि थायरॉइड-व्हिटॅमिनचं मशीन फुकट बसवून देते म्हणते. पाच वर्षं रीएजंट त्यांच्याकडूनच घ्यायचे. भांडवल गुंतत नाही, दुरुस्तीही त्यांचीच. घ्यावं का?*
*एक डॉक्टर*

डॉक्टर, घ्यायला हरकत नाही, पण दर कशावर ठरतोय ते आधी बघा.

मशीनची किंमत, इंजिनिअरचा पगार, बदलायचे पार्ट हे सगळं कंपनी रीएजंटच्या दरात बसवते. व्यवहार म्हणून त्यात गैर काही नाही. तीस खाटांच्या रुग्णालयानं कर्ज काढून मशीन घ्यायचं आणि वॉरंटी संपली की एकेका पार्टसाठी हजारो रुपये मोजायचे, त्यापेक्षा हे खरोखर बरं पडू शकतं. आमच्या ज्या कराराला मी उत्तम म्हटलं तो याच पद्धतीचा होता.

पण कोटेशनवर लिहिलेलं असतं, शंभर टेस्टचं किट, अमुक रुपये. आपण लगेच शंभरानं भागतो आणि दर काढतो. किटमधल्या शंभर टेस्ट म्हणजे शंभर पेशंट नव्हेत, हे तेव्हा लक्षात येत नाही.

हिशेब करून दाखवते. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून माझ्या मनाचे धरले आहेत. थायरॉइडच्या टीएसएचचं शंभर टेस्टचं किट ६,००० रुपयांना आहे. महिन्यात तुमच्याकडून १४० पेशंटचे रिपोर्ट गेले. मशीन बरोबर मोजतंय का ते बघायला रोज सकाळी कंट्रोल, म्हणजे आधीच आकडा माहीत असलेले नमुने, दोन लेव्हलचे लावले, ते झाले ६०. कॅलिब्रेशनला, म्हणजे मशीनचं माप लावून घ्यायला, ८ गेल्या. शंका आली म्हणून परत लावलेल्या ८. म्हणजे वापरल्या २१६ आणि पैसे मिळाले १४० चे. कागदावर ६० रुपये वाटणारी टेस्ट तुम्हाला ९३ ला पडली. आणि ही तर भरपूर चालणारी टेस्ट.

आता कमी चालणारी फेरिटिनची टेस्ट घ्या. शंभरचं किट ९,००० रुपयांना. महिन्याला पेशंट २०. आठवड्यातून दोनदाच लावता, तरी आठ वेळा दोन-दोन कंट्रोल म्हणजे १६, कॅलिब्रेशनच्या ६, रिपीट २. एकूण ४४. मशीनमध्ये उघडून ठेवलेली बाटली किती दिवस टिकते हे किटमधल्या पत्रकात बारीक अक्षरांत छापलेलं असतं. २८ दिवस असतील, तर एकोणतिसाव्या दिवशी उरलेल्या ५६ टेस्ट टाकून द्यायच्या. कागदावरचा दर ९० रुपये, तुमच्या खिशातून गेले टेस्टमागे ४५०.

माझ्या टेबलाच्या खणात एक लांबट वही असायची. किट उघडलं की तारीख, लॉट नंबर. टाकून दिलं की तारीख आणि उरलेल्या टेस्टचा आकडा लाल पेनानं. सहा महिन्यांत लाल आकड्यांनीच पानं भरली. नवीन कराराच्या बोलणीत मी ती वही कंपनीच्या माणसापुढे उघडून ठेवली. त्यानं दोन पानं उलटली, मग आणखी दोन. त्या करारात आम्ही किटचा दर घेतलाच नाही. पेशंटच्या हातात गेलेल्या प्रत्येक रिपोर्टमागे दर घेतला. कंट्रोल, कॅलिब्रेटर, वॉश, क्युव्हेट, रिपीट, मुदत संपून वाया गेलेलं, सगळं त्या दरात. मोजणी आमच्या लॅब सॉफ्टवेअरमधल्या रिपोर्टच्या आकड्यावर, मशीनच्या काउंटरवर नाही, कारण मशीन कंट्रोलही मोजतं. नासाडी कंपनीच्या अंगावर पडल्याबरोबर कमी चालणाऱ्या टेस्टची ५० ची किटं यायला लागली, जी आधी 'उपलब्धच नाहीत' असं आम्हाला सांगितलं जायचं.

तुम्हीही रिपोर्टमागे दर मागा. तो आकडा किटच्या दरापेक्षा मोठा दिसेल, त्याला घाबरू नका.

तुमच्या गावासाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते. पिंपळगाव, निफाड, दिंडोरी हा द्राक्षाचा पट्टा आहे. फवारणीच्या औषधाची विषबाधा झालेला माणूस रात्री-अपरात्री तुमच्या दारात येणार, आणि ते ऑर्गनोफॉस्फरस जातीचं औषध असेल तर तुम्हाला सीरम कोलिनेस्टरेज हवं असणार. ही टेस्ट महिन्यात चार वेळा लागेल, एखाद्या महिन्यात एकदाही नाही. म्हणून कोटेशनच्या यादीत ती नसतेच. बंद पद्धतीच्या मशीनवर, म्हणजे जिथे फक्त त्याच कंपनीची बाटली चालते तिथे, बाहेरचं किट लावताही येत नाही. करारात लिहून घ्या, की एक तरी ओपन चॅनेल, म्हणजे बाहेरचं किट चालणारी जागा, मोकळा राहील किंवा कंपनी कोलिनेस्टरेज वर्षभर उपलब्ध ठेवेल, पेशंट येवोत न येवोत. ज्या टेस्टनं तुमच्याकडे माणूस वाचतो ती यादीच्या शेवटी राहता कामा नये.

पाण्याचंही बघा. बायोकेमिस्ट्रीच्या मशीनला शुद्ध केलेलं पाणी सतत लागतं. आरओ-डीआय प्लांट, त्याचे फिल्टर, यूपीएस, एसी हे बहुतेक कोटेशनमध्ये रुग्णालयाच्या माथी असतं आणि कुठे ठळक लिहिलेलं नसतं. बाहेर पडणाऱ्या पाण्याचंही तसंच. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणे लॅबच्या कचऱ्यावर जागेवरच प्रक्रिया करण्याची जबाबदारी रुग्णालयाची आहे. मशीन कंपनीचं असलं तरी ती तुमच्याकडेच राहते.

*नाशिकरोडच्या एका ट्रस्ट रुग्णालयात मी खरेदी विभाग बघतो. आमच्यापुढच्या मसुद्यात कंपनी ९५ टक्के अपटाइमची, म्हणजे मशीन चालू राहण्याची, हमी देते आणि आमच्याकडून महिन्याला किमान दोन लाखांची खरेदी मागते. दोन्ही अटी ठीक वाटतात का?*

भाऊ, ९५ टक्के ऐकायला छान वाटतं. पण वर्षाच्या ३६५ दिवसांचे पाच टक्के काढा. १८ दिवस. वर्षात १८ दिवस मशीन बंद राहिलं तरी कंपनीनं करार पाळला असंच ठरेल. आणि ते १८ दिवस सलग, ऐन डेंग्यूच्या साथीत आले तर? म्हणून टक्केवारीसोबत तास लिहून घ्या. कॉल लॉग केल्यापासून इंजिनिअर किती तासांत पोचणार, मशीन किती तासांत चालू होणार, आणि त्यापेक्षा उशीर झाला तर नमुने बाहेरच्या लॅबला पाठवण्याचा खर्च कुणाचा. तो कंपनीचा असं आम्ही लिहून घेतलं होतं, आणि त्या एका ओळीमुळे इंजिनिअर लवकर यायला लागले.

इंजिनिअर राहतो कुठे, हेही विचारा. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून मुंबई जवळ आली आहे, हे खरं. तरी मुंबईतून निघालेला माणूस तिथल्या दोन रुग्णालयांतले कॉल संपवून मगच गाडीत बसतो. नाशिकमध्ये राहणारा इंजिनिअर आणि नाशिकमध्येच ठेवलेले नेहमी बिघडणारे पार्ट, या दोन गोष्टी मागा. रक्तपेशी मोजणारं सेल काउंटर आणि सोडियम-पोटॅशियम काढणारं इलेक्ट्रोलाइट या दोन मशीनना बॅकअप मागा, बाकी एखादा दिवस थांबू शकतं. आणि सर्व्हिस रिपोर्टवर बंद पडल्याची आणि चालू झाल्याची वेळ घातल्याशिवाय कुणालाही सही करू देऊ नका. आमच्याकडे सुरुवातीला रिपोर्टवर नुसती तारीख असायची. वर्षाच्या शेवटी अपटाइम मोजायला बसलो तेव्हा आमच्या हातात एकही तास नव्हता.

किमान खरेदीच्या अटीनं आम्ही पोळलो आहोत. एप्रिल २०२०, टाळेबंदी. ओपीडी बंद, ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकललेल्या. लॅबमध्ये दिवसाला पंधरा-वीस नमुने. त्यातच कंपनीचं पत्र आलं, की ठरलेली खरेदी झाली नाही, फरकाची रक्कम भरा. मी ते पत्र वाचत होते तेव्हा आमचे दोन टेक्निशियन घरी न जाता रुग्णालयातच राहत होते. पुढे विश्वस्तांनी बोलून मार्ग काढला, पण करारात आमच्या बाजूनं एक ओळही नव्हती. साथ, पूर, सरकारी बंदी अशा काळात ही अट आपोआप थांबेल, असं आता प्रत्येकानं लिहून घ्यायलाच हवं.

आणि अट महिन्याची नको, वर्षाची ठेवा. आपल्याकडे पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत डेंग्यू-मलेरियानं लॅब ओसंडून वाहते, तर द्राक्षाच्या हंगामात माणसं दुखणं अंगावर काढतात आणि ओपीडी ओस पडते. महिन्याच्या अटीत तुम्ही फेब्रुवारीचा दंड भरता आणि सप्टेंबरच्या जादा खरेदीचं श्रेय मिळत नाही. वर्षाच्या हिशेबात दोन्ही एकमेकांत जिरतात. किमान आकडाही गेल्या वर्षीच्या प्रत्यक्ष कामाच्या ७० टक्क्यांपेक्षा जास्त मान्य करू नका, असं माझं मत आहे. विक्रीला आलेला माणूस तुमच्या वाढीचा सुंदर ग्राफ काढून दाखवेल. त्या ग्राफवर सही तुमची असते.

सिंहस्थाचाही विचार मसुद्यात यायला हवा. २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात अमृतस्नानं आहेत, म्हणजे डेंग्यूच्याच दिवसांत. २०१५ ला पहिल्या पर्वणीच्या आदल्या दिवशी आमचं रीएजंटचं खोकं आडगाव नाक्याच्या अलीकडे अडकलं. सगळीकडे बॅरिकेड, गाडी पुढे येईना. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खोकं हातात आलं. थर्माकोलचं झाकण काढलं तर जेलच्या पिशव्या पार पातळ झालेल्या, हाताला कोमट लागत होत्या, आणि तळाशी पुठ्ठा भिजून त्याचा लगदा झाला होता. २ ते ८ अंशांत राहायला हवा असलेला माल. आम्ही घेतला नाही, परत पाठवला. कंपनी म्हणाली, कुरिअरचा दोष. कुरिअर म्हणालं, पोलिसांचा बंदोबस्त. तीन दिवस आम्ही उसने रीएजंट आणून काम केलं. तेव्हा तुम्ही लिहून घ्या, की पर्वण्यांच्या आधी सहा आठवड्यांचा साठा तुमच्या फ्रिजमध्ये येईल, त्याचे पैसे वापरल्यावर द्यायचे, खोक्यात तापमान नोंदवणारा लॉगर असेल, आणि तापमान चुकलेला माल कुणाच्याही दोषानं चुकला असला तरी कंपनी बदलून देईल. त्यासाठी फ्रिज आत्ताच मोठा घ्या.

*मी सिडकोतल्या एका रुग्णालयाचा हिशेब लिहितो. अशा करारात जीएसटी कसा पडतो?*

२२ सप्टेंबर २०२५ पासून डायग्नॉस्टिक किट आणि रीएजंटवरचा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. देखभाल-दुरुस्तीच्या सेवेवर मात्र १८ टक्के लागतो. रुग्णसेवेवर आपण जीएसटी लावत नाही, त्यामुळे भरलेल्या कराचं क्रेडिटही मिळत नाही. तो सगळा खर्चातच जातो. म्हणून बिल रीएजंटचं होणार की सेवेचं, हे करारातच स्पष्ट करून घ्या आणि मसुदा तुमच्या सीएंना दाखवा. ज्यांचा करार त्या तारखेच्या आधीचा आणि 'करासहित' दराचा आहे त्यांनी दर कमी करून मागावा. न मागता कुणी देत नाही.

आणखी एक. काही माहितीपत्रकांत अशा करारानं करात मोठी बचत होते असं असतं. ते इंग्लंडमधलं गणित आहे. तिथल्या सरकारी रुग्णालयांना बाहेरून करून घेतलेल्या काही सेवांवरचा व्हॅट परत मिळतो, म्हणून त्यांना हे करार करातही फायद्याचे पडतात. आपल्याकडे ती सोय नाही.

*माझं वय ७१. प्रोस्टेटसाठीची पीएसए ही रक्ततपासणी दर सहा महिन्यांनी एकाच रुग्णालयात करतो. या वेळी आकडा एकदम वेगळा आला. विचारलं तर म्हणाले, 'आता नवीन कंपनीचं मशीन आलंय.' कोणता आकडा खरा मानू?*
*इंदिरानगर*

काका, घाबरू नका. दोन्ही आकडे आपापल्या मशीनपुरते खरे असू शकतात. पीएसए आणि अशा बऱ्याच तपासण्यांत प्रत्येक कंपनीची पद्धत थोडी वेगळी असते, त्यामुळे एका मशीनचा आकडा दुसऱ्या मशीनच्या आकड्याशी सरळ जुळवता येत नाही. तुमच्या डॉक्टरांना मशीन बदलल्याचं सांगा. ते बहुधा थोड्या दिवसांनी त्याच नव्या मशीनवर परत तपासायला सांगतील आणि पुढची तुलना तिथून सुरू करतील. जुने रिपोर्ट फेकू नका.

खरं तर हे तुम्हाला विचारावं लागायलाच नको होतं. मशीन बदललं तेव्हा रुग्णालयानं काही दिवस दोन्ही मशीनवर तेच नमुने लावून फरक पाहायला हवा होता, आणि रिपोर्टवर पद्धतीचं नाव छापायला हवं होतं. करार संपताना जुनं मशीन त्याच दिवशी उचलून नेतात, तिथे ही अडचण होते. मसुद्यात महिनाभर दोन्ही मशीन सोबत ठेवायची मुदत मागितली तर असं होत नाही. रुग्णालयाच्या ज्या मंडळींनी वरची पत्रं लिहिली आहेत त्यांनी काकांचं पत्रही वाचावं.

*मी रुग्णालय व्यवस्थापन शिकते, म्हसरूळजवळ राहते. सरकारी रुग्णालयांनी सगळी यंत्रसामग्री अशी करारानं घ्यावी का, यावर प्रकल्प करते आहे. कुठून सुरुवात करू?*

केनियापासून कर. तिथल्या सरकारनं २०१५ मध्ये सगळ्या ४७ काउंटींमधल्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या विभागांमधल्या, रुग्णालयांसाठी डायलिसिस, एक्स-रे, शस्त्रक्रियागृह अशी यंत्रं सात वर्षांच्या करारानं घेतली. पुढे तिथल्या सिनेटनं चौकशी केली तेव्हा काही ठिकाणी यंत्रं वापराविना पडून असल्याचं समोर आलं. कुठे चालवायला प्रशिक्षित माणूस नव्हता, कुठे वीज-पाण्याची सोय नव्हती. पैसे मात्र ठरल्याप्रमाणे द्यावे लागत होते. कराराआधी त्या-त्या रुग्णालयात जाऊन कुणी विचारलं होतं का, हा तुझ्या प्रकल्पाचा पहिला प्रश्न ठेव.

आपल्याकडचे दोन नमुने बघ. राष्ट्रीय आरोग्य अभियानानं २०१५ मध्ये सरकारी रुग्णालयांतल्या यंत्रांच्या देखभालीचा कार्यक्रम सुरू केला. त्यात यंत्र चालू राहण्याचं प्रमाण जिल्हा रुग्णालयात ९५ टक्के, ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीवर ९० आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात ८० टक्के असं ठरवलं आहे. म्हणजे दुर्गम भागात जास्त दिवस यंत्र बंद राहील हे आधीच धरलं गेलं. सुरगाणा-पेठच्या माणसाच्या बाजूनं या आकड्यांकडे बघ. दुसरा नमुना सरकारी रुग्णालयांसाठीच्या महालॅब योजनेचा. त्यात आरोग्य केंद्रांतून नमुने गोळा होऊन केंद्रीय प्रयोगशाळेत जातात, केंद्रात मशीनच ठेवायला लागत नाही. नियमित तपासण्यांना ही पद्धत चांगली आहे. साप चावलेल्या माणसाच्या रक्ताची गोठण्याची चाचणी मात्र तिथेच, काचेच्या नळीत वीस मिनिटं ठेवूनच बघावी लागते. कोणती तपासणी कुठे व्हायला हवी, याची यादी आधी कर. करार त्या यादीनंतर येतो.

*मॅडम, मी सातपूरच्या एका रुग्णालयात लॅब टेक्निशियन आहे. पुढच्या महिन्यापासून मशीन, माल आणि सॉफ्टवेअर सगळं एका कंपनीचं होणार आहे. त्यांचा एक माणूसही कायम लॅबमध्ये बसणार. आमचं काम फक्त ट्यूब लावायचं आणि बटण दाबायचं उरेल, असं सगळे म्हणतात. मला रात्री झोप येत नाही.*

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. तुझी भीती समजते, कारण तिसऱ्या कराराच्या वेळी मीही तुझ्यासारखीच अस्वस्थ होते. तुला एक रविवार सांगते.

सप्टेंबर महिना, डेंग्यूची साथ जोरात. वॉर्डात पलंगाशेजारी गाद्या टाकलेल्या. सकाळी साडेदहाला सेल काउंटर बंद पडलं. कॉल लॉग केला, उत्तर आलं, इंजिनिअर सोमवारी येईल. बॅकअप मशीन करारात होतं, लॅबमध्ये नव्हतं. वॉर्डातून फोनवर फोन, 'प्लेटलेट किती?' टेबलावर २६ जांभळ्या टोपीच्या ट्यूब.

आमच्यात नवीन लागलेली दोन मुलं होती. त्यांनी चेंबरवर प्लेटलेट कधी मोजलेच नव्हते, परीक्षेपुरतं पाहिलं होतं. मी कपाटातून न्यूबॉअर चेंबर, म्हणजे पेशी मोजायची रेघा आखलेली जाड काच, काढला. एक टक्का अमोनियम ऑक्झलेट बनवून गाळून घेतलं. रक्त त्यात मिसळून चेंबर भरला, आणि पेट्री डिशमध्ये ओल्या फिल्टर पेपरवर झाकून ठेवला, म्हणजे प्लेटलेट खाली बसेपर्यंत पातळ पदार्थ सुकत नाही. वीस मिनिटं. मग सूक्ष्मदर्शकाचा कंडेन्सर खाली घेतला, उजेड कमी केला, आणि त्या मुलांना एकेक करून बघायला बसवलं. लाल पेशी विरघळून गेलेल्या असतात, आणि रेघांच्या चौकोनात बारीक चमकते ठिपके दिसतात. धूळही चमकते, पण फोकस हलवला की प्लेटलेट वेगळा ओळखू येतो. त्यातल्या मुलीनं पहिल्या चौकोनात अकरा मोजले, मी आठ. तीन धुळीचे होते. चौथ्या ट्यूबपासून तिचे आणि माझे आकडे जुळायला लागले. जोडीला प्रत्येकाची स्लाइड रंगवली. दोन पेशंटच्या स्लाइडवर प्लेटलेटचे गुठळे दिसले. त्यांचे खरे प्लेटलेट कमी नव्हतेच, रक्त गोठू नये म्हणून ट्यूबमध्ये असलेल्या ईडीटीए या रसायनामुळे ते एकमेकांना चिकटले होते. त्यांचं रक्त सायट्रेटच्या ट्यूबमध्ये परत घेतलं. त्यातल्या एकाला प्लेटलेट चढवायची तयारी झाली होती, ती थांबली.

संध्याकाळी सातपर्यंत आम्ही सव्वीसच्या सव्वीस रिपोर्ट दिले.

मशीन कंपनीचं झालं तरी रिपोर्ट लॅबचाच राहतो. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१७ मध्ये सांगितलं आहे, की लॅबच्या रिपोर्टवर पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरची सही हवी. लॅबच्या गुणवत्तेच्या आयएसओ १५१८९ या मानकाच्या २०२२ च्या आवृत्तीतही बाहेरून घेतलेली सेवा आणि माल तपासून घेण्याची जबाबदारी लॅबवरच ठेवली आहे. म्हणजे तुमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडम सही करतील तेव्हा त्यांना लॅबच्या स्वतःच्या माणसावर विसंबायचं असणार. तो माणूस तू हो.

कंट्रोलचा एलजे चार्ट, म्हणजे रोजच्या आकड्यांचा आलेख, रोज सकाळी तू बघ, कंपनीच्या माणसानं 'ओके आहे' म्हटलं तरी. सलग सहा-सात दिवस ठिपके मध्यरेषेच्या एकाच बाजूला पडायला लागले तर काहीतरी सरकतंय, मग ते मर्यादेत का असेना. शक्य असेल तर वेगळ्या कंपनीचा कंट्रोल मागवायला सांग. मशीनवाल्याचाच कंट्रोल मशीनची चूक कधी कधी लपवतो. वेल्लोरहून येणारे ईक्यूएएसचे, म्हणजे लॅबची गुणवत्ता बाहेरून तपासण्याचे, नमुने तुझ्या हातानं लावले जाऊ देत, पेशंटच्या नमुन्यासारखेच, एकदाच. सॉफ्टवेअरमधला सगळा डेटा दर महिन्याला रुग्णालयाच्या स्वतःच्या हार्ड डिस्कवर उतरवून घेण्याची आठवण वरिष्ठांना कर. आमच्या तिसऱ्या करारात तो डेटा कंपनीच्या सर्व्हरवर होता आणि करार संपल्यावर चार वर्षांचे रिपोर्ट मिळवायला आम्हाला सात महिने लागले. आणि किटच्या तारखांची एक वही सुरू कर. ती कुणी मागितली नाही तरी लिही.

कंपनीचा माणूस येईल त्याच्याशी वैर धरू नकोस. आमच्या पहिल्या कराराचा इंजिनिअर फार चांगला मुलगा होता. प्रोब कसा स्वच्छ करायचा, कोणता आवाज आला की पंप जाणार, हे त्यानं मला शिकवलं. मशीन उघडलं की त्याच्या शेजारी जाऊन उभी राहा, विचार, लिहून घे.

तुमच्या लॅबमध्ये न्यूबॉअर चेंबर कुठे आहे ते उद्याच शोध. जुन्या लॅबमध्ये तो बहुधा स्टेनच्या बाटल्यांमागे असतो. मऊ कापडानं पूस, रेघांवर ओरखडे नाहीत ना ते बघ, आणि त्याची जाड कव्हरस्लिप सोबत आहे का तेही. साधी कव्हरस्लिप चालत नाही, उंची चुकते. नसेल तर नवीन मागव, आणि महिन्यातून एकदा मशीनवरच्या पाच नमुन्यांचे प्लेटलेट हातानं मोजून आकडे शेजारी शेजारी लिही. पहिल्या महिन्यात ते जुळणार नाहीत. तेव्हा मला परत पत्र लिही, कुठे चुकतंय ते दोघी मिळून बघू.